शाफ्टचा सांधा

मालमोटारीच्या पोटाखाली, गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंत, एक लांब पोकळ पोलादी नळी फिरत असते. तिचे पूर्ण नाव 'प्रॉपेलर शाफ्ट'. परंतु हमरस्त्यावरील कोणताही मिस्त्री किंवा क्लीनर तिला नुसते 'शाफ्ट' म्हणतो. इंजिनात निर्माण होणारी सारी शक्ती या नळीवाटेच चाकांकडे जाते. नळीच्या टोकांना जे सांधे असतात, त्यांच्या पोटात अधिकच्या चिन्हासारखा एक पोलादी तुकडा बसविलेला असतो. तो 'क्रॉस'. तळहातावर सहज मावेल एवढा. दहा टन उसाचे ओझे चढावर ओढले जात असते तेव्हा ते सारे या तळहाताएवढ्या तुकड्याच्या चार खुंट्यांवर तोललेले असते.

आपल्या पत्रिकेच्या वाचकांस हा विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे. या पानांवर आपल्या जुन्या घराण्यांतील मंडळींनी वाडे, सनदा, देवस्थाने आणि यात्रा यांविषयी पुष्कळ लिहिले आहे व आम्ही ते आवडीने वाचत आलो आहोत. तथापि गेल्या अर्धशतकात आपल्यापैकी कितीतरी घरांतील चूल ट्रकच्या भाड्यावर पेटली, मुलींची लग्ने त्याच भाड्यावर झाली, याची नोंद कोणी फारशी करून ठेवलेली नाही. तेव्हा वाचकांनी थोडा वेळ आमच्यासोबत गाडीखाली येऊन पाठीवर निजावे, एवढीच विनंती. खाली पोते अंथरलेले आहे.

आमचे घर हुलसूरचे. बसवकल्याण आणि भालकी यांच्या मधले हे गाव, पूर्वी बसवकल्याण तालुक्यातले, अलीकडे स्वतंत्र तालुका झालेले. आमचे आजोबा बैलगाडीने तूर आणि उडीद घेऊन उदगीरच्या बाजारात जात. तेव्हा हुलसूर आणि उदगीर निजामाच्या एकाच राज्यात, एकाच बिदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि आम्ही म्हैसूर राज्यात राहिलो. शेत एका राज्यात आणि बाजार दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती झाली. गाडीवाट मात्र तीच राहिली. आजोबांच्या गाडीच्या मागे वंगणाचे एक वेळूचे नळकांडे टांगलेले असे. दर मुक्कामी चाक थोडे बाहेर ओढून आसाला वंगण दिल्याखेरीज ते जेवायला बसत नसत, असे आमच्या वडिलांनी सांगितलेले आम्हांस आठवते.

बैलगाडी गेली आणि मधल्या काळात भाड्याच्या गाड्या झाल्या. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर पलीकडे नवी गावे वसविण्याचे काम निघाले आणि विटा, वाळू, खडी वाहण्यास गाड्या पुरेनात. १९९४ साली आमच्या थोरल्या बंधूंनी, ज्यांना घरात सारे दादा म्हणतात, एक जुनी टाटा १२१० विकत घेतली. गाडी १९८६ सालची. या आकड्यात बारा म्हणजे भरल्या गाडीचे टनांतील वजन आणि दहा म्हणजे सुमारे शंभर अश्वशक्ती, असा त्या काळचा संकेत होता. टाटांच्या कारखान्याने १९५४ साली जमशेदपूर येथे जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने ट्रक बांधावयास घेतले. तो करार १९६९ साली संपला, तरी गाडीच्या बांधणीतील जर्मन हाड पुढेही बराच काळ टिकले. आमची गाडी त्याच कुळातली. तिचे इंजिन दोनदा खोलले गेले आहे, केबिन एकदा नवे झाले आहे, आणि हौद्याच्या फळ्या किती वेळा बदलल्या याचा हिशेब उरलेला नाही. तरीही ती कागदोपत्री तीच गाडी आहे. आम्ही शाळामास्तर असल्यामुळे आमच्याकडे काम होते ते कागदपत्रांचे. पण सेवानिवृत्तीनंतर गाडीखाली डोकावण्याचीही सवय लागली.

गेल्या गळीत हंगामात गाडी उसावर होती. आमच्या भागात टोळीला आगाऊ उचल द्यावी लागते, आणि मग टोळी, गाडी व कारखान्याची पाळी या तिन्ही गोष्टी एकमेकींना जखडल्या जातात. गाडी थांबली की टोळी बसते, आणि टोळीचे पोट हातावर. एका फडाचे काम संपले की टोळीतील सारे कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, मुलेबाळे, भांडी आणि एखादे शेरडू गाडीच्या हौद्यात बसून पुढच्या फडाकडे निघते. अशाच एका फेरीत हौद्याच्या मध्यभागी बसलेल्या एका म्हातारीने मुकादमाला सांगितले, "गाडीखाली कुणीतरी ठोकालंय." चालकाला ते ऐकू आले नव्हते, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. या गाडीचे इंजिन केबिनमध्येच शिरलेले असते; त्याच्या गदारोळात मागच्या शाफ्टचा आवाज पोचत नाही. म्हातारी बरोबर त्या सांध्याच्या डोक्यावर बसली होती.

मुकादमाने ते दादांना सांगितले, दादांनी आम्हांला, आणि आम्ही मामूंना. मामू म्हणजे आमचे मिस्त्री. वय सत्तरीच्या पुढचे, डोळ्यांची एक शस्त्रक्रिया झालेली, दुसरी व्हावयाची. त्यांनी प्रथम गाडीला हात लावला नाही. चालकाला म्हणाले, पहिल्या गिअरात घाल, क्लच सोड, लगेच दाब. गाडी हलली आणि खालून 'ठक्' असा कोरडा आवाज आला. मग उलट्या गिअरात तेच, पुन्हा 'ठक्'. "मास्तर, गाडी कवाची बोलालीय," ते म्हणाले.

हा आवाज पहिल्याच गिअरात का, हेही सांगितले पाहिजे. पहिल्या गिअरात इंजिनाचा पीळ कित्येक पटींनी वाढून शाफ्टवर येतो. क्रॉस आणि त्याच्या वाट्या यांत झिजेमुळे केसभर पोकळी पडलेली असली, तर तो पीळ ती पोकळी एका झटक्यात ओलांडतो आणि पोलाद पोलादावर आदळते. झीज आणखी वाढली की धावत्या गाडीत एका ठरावीक वेगाला पायाखालची पाटी थरथरू लागते. त्याआधी, वंगण संपले की, हळू चालताना चिमणी चिवचिवावी तसा आवाज येतो. ही चिवचिव ऐकून जो थांबला त्याचे काम एका क्रॉसवर भागते. 'ठक्'पर्यंत गेलेल्याला सारेच उघडून पाहावे लागते.

त्याही पुढची पायरी म्हणजे क्रॉस तुटणे. ती पायरी मामूंनी तरुणपणी एकदा महामार्गावर पाहिली होती आणि तिचे वर्णन करण्यास ते आजही नाखूष असतात. मागचा सांधा तुटला तर शाफ्टचे मोकळे टोक रस्त्यावर घासत येते, ठिणग्या उडतात, गाडी हळूहळू थांबते. पुढचा सांधा तुटला तर ते टोक खाली पडून रस्त्यात रुतू शकते, आणि मागून येणारे सारे वजन त्या नळीवर गाडीला उचलू पाहते. नळीखाली लोखंडी पट्टीचा कंस असतो तो याचसाठी. आमच्या गाडीचा कंस शाबूत होता. पण चाळीस किलोमीटरच्या वेगालाही शाफ्ट मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेत असतो. ती सुटली तर कंस किती वेळ टिकेल, या प्रश्नाला मामूंनी उत्तर दिले नाही. त्यांनी हौद्याकडे पाहिले. हौद्यात टोळीची पाच-सहा मुले खेळत होती.

दादांचे म्हणणे असे की, आवाज करतो तो एकच क्रॉस रात्रीत बदलावा आणि सकाळी गाडी फडावर न्यावी. कारखान्याची पाळी दोन दिवसांवर आली आहे. ते चुकीचे बोलत होते असे नाही. पाळी चुकली तर तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, शेतकरी ओरडतो, मुकादम तोंड फिरवितो. आमचा पुतण्या, जो गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, यंत्रशास्त्राची पदविका घेऊन आला आहे, त्याचे म्हणणे वेगळेच. २०२१ साली केंद्र सरकारने जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण आणले. एवढ्या जुन्या गाडीवर पैसा घालण्यापेक्षा ती मोडीत द्यावी, असे त्याचे गणित. ते गणितही खोटे नव्हते. परंतु आम्ही तिघे वाद घालीत असताना मामूंनी मागच्या चाकांपुढे-मागे दगड लावले आणि शाफ्टखाली अंग सरकविले. तेव्हा वाद तेथेच थांबला. निर्णय असा झाला की गाडी दोन दिवस उभी राहील, तिन्ही क्रॉस बदलले जातील आणि टोळीची दोन दिवसांची मजुरी घरातून दिली जाईल. मोडीत काढावयाची की नाही, हा प्रश्न हंगामानंतरच्या बैठकीवर ढकलण्यात आला. ती बैठक अद्याप झालेली नाही.

आता त्या सांध्याविषयी. इंजिन व गिअरबॉक्स चासीला घट्ट बांधलेले असतात. मागचा आस पाट्यांवर, म्हणजे कमानींवर, टांगलेला. तो प्रत्येक खड्ड्यागणिक वर-खाली होतो. स्थिर वस्तूपासून हलत्या वस्तूपर्यंत फिरती गती न्यावयाची, आणि तीही तिरक्या रेषेने, तर सरळ दांडा चालणार नाही. तो वाकेल किंवा मोडेल. म्हणून दांड्याच्या टोकाला दोन कानांचा एक चिमटा, म्हणजे योक, समोरच्या दांड्याला तसाच दुसरा काटकोनात, आणि मधे दोघांच्या कानांत खुंट्या अडकविलेला क्रॉस. या रचनेला सोळाव्या शतकातील इटालियन गणिती जेरोलामो कार्दानो याचे नाव चिकटले आहे, आणि युरोपात आजही शाफ्टला 'कार्डन' म्हणतात. परंतु 'युनिव्हर्सल जॉइंट' हे नाव इंग्लंडच्या रॉबर्ट हुकने १६७६ साली सूर्य पाहावयाच्या उपकरणांवरील आपल्या पुस्तिकेत दिले. आकाशाकडे पाहणाऱ्याने शोधलेला सांधा आमच्याकडे चिखलाखाली फिरतो, हे आम्हांस मौजेचे वाटते. मोटारीत तो रुळावयास बराच काळ लागला. आरंभीच्या पुष्कळशा मोटारी सायकलीसारख्या साखळीवर धावत. अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर याने १९०३ साली मोटारीसाठी बंदिस्त व वंगणयुक्त सांध्याचे पेटंट मिळविले, तेव्हापासून साखळी मागे पडत गेली.

या सांध्यात एक खोड आहे, आणि ती समजल्यावाचून त्याला हात लावू नये. तिरका असताना तो गती जशीच्या तशी पुढे देत नाही. पुढचा दांडा एकसारखा फिरत असला तरी मागचा प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दहा अंशांच्या कोनात हा फरक शेकडा दीडच्या आसपास असतो, तीस अंशांत तो शेकडा पंधरापर्यंत जातो. यावरचा उपाय गणिताने दिलेला आहे: दुसऱ्या टोकाला तसाच दुसरा सांधा, त्याच कोनात, आणि नळीच्या दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत. पहिल्याने केलेली घाई दुसरा त्याच क्षणी फेडतो आणि चाकाला समान गती मिळते. योक एकमेकांशी तिरके बसले तर मात्र दोन्ही खोडी एकत्र होतात आणि नवाकोरा क्रॉस घातलेली गाडी झिजलेल्या क्रॉसपेक्षा अधिक थरथरते.

दुसरी गोष्ट आम्हांला मामूंकडून कळली आणि पुतण्याने पुस्तकात पाहून ती खरी असल्याचे सांगितले. क्रॉसच्या प्रत्येक खुंटीवर पोलादाची एक वाटी असते. वाटीच्या आत कडेने दाभणाच्या जाडीच्या आणि पेराएवढ्या लांबीच्या सुया उभ्या लावलेल्या असतात, आमच्या वाट्यांत दोन डझनांहून अधिक. या सुया पूर्ण फिरत नाहीत, मागेपुढे डोलतात. शाफ्ट अगदी सरळ रेषेत असेल तर त्या डोलतही नाहीत. मग एकाच जागी भार घेऊन त्या खुंटीत खाचा पाडतात. म्हणून बांधणारे मुद्दाम थोडासा कोन ठेवतात. अगदी सरळ रेषा या सांध्याला मानवत नाही. आमच्या एका प्राध्यापक मित्राने हे ऐकताच सीमाभागातील माणसांविषयी एक रूपक जुळवावयास घेतले होते. आम्ही त्यांना चहा देऊन गप्प केले. सांध्याला सांधाच राहू द्यावे.

काम सुरू झाले ते खडूने नव्हे, छिन्नीने. खडूची खूण ग्रीसमध्ये पुसली जाते. मामूंनी शाफ्ट काढण्यापूर्वी प्रत्येक जोडावर, दोन्ही बाजूंस मिळून एकेक बारीक घाव घातला. फ्लँज आणि योक यांच्यावर एक. जेथे शाफ्टची लांबी कमी-जास्त होण्यासाठी खाचांची नळी दुसरीत सरकते, तेथे दोन. ही सरकनळी एकदा बाहेर आली की कोणत्याही खाचेत परत बसू शकते; हात तिला अडवीत नाही, आणि योकची पातळी बिघडते ती येथेच. पुतण्याने विचारले, डोळ्यांनी पाहून सरळ बसविता येणार नाही का? मामू म्हणाले, "येतंय की. पण मला आता दिसतंय किती?" आणि त्याचे बोट धरून त्यांनी त्या घावावरून फिरविले.

शाफ्ट काढल्यावर गाडी गिअरात ठेवून उपयोग नसतो, हे नव्या माणसाच्या ध्यानात येत नाही. इंजिन आणि चाके यांचा संबंधच तुटलेला असतो. उतारावर उभी गाडी सरळ निघून जाईल. म्हणून जागा सपाट आणि चाकांना दगड. दुसरी गोष्ट शाफ्टच्या वजनाची. शेवटचा बोल्ट निघण्याआधी नळीखाली लाकडी ओंडके रचावे लागतात, नाही तर ती छातीवर येते. आमची नळी दोन तुकड्यांची, मधे सेंटर बेअरिंगला टांगलेली. त्या बेअरिंगभोवतीचे रबरही चिरलेले निघाले. ते बदलण्याच्या यादीत गेले.

मग वाट्या काढण्याचे काम. कानांत वाटीला अडवून ठेवणारी एक गोल कडी असते, ती चिमट्याने निघते. ती निघाल्यावर बहुतेक कारागीर हातोडा घेतात. मामू वाइसमध्ये एका बाजूस वाटीपेक्षा लहान सॉकेट आणि दुसऱ्या बाजूस वाटी आत शिरेल एवढा मोठा सॉकेट ठेवून दाबीत जातात. एक वाटी दाबली की समोरची बाहेर येते. नळीवर घाव घालू देत नाहीत. नळीला कारखान्यात समतोलासाठी लोखंडाचे लहान तुकडे डागलेले असतात, ते निसटले किंवा नळीला पोचा आला तर शाफ्ट कायमची डगमगते. आमच्या भागातील काळी माती पावसाळ्यात नळीवर लेपासारखी चढून वाळली, तरीही असाच थरार होतो. तेव्हा केवळ धुतल्याने बऱ्या झालेल्या गाड्याही मामूंनी पाहिल्या आहेत.

पुढचा क्रॉस निघाला. मामूंनी खुंटी कापडाने पुसली आणि डोळ्यांपाशी न नेता तिच्यावरून अंगठ्याचे नख ओढले. नख कुठे अडकले नाही. मागच्याचे नख थोडे अडखळले. मधला क्रॉस निघाला तेव्हा वाटीतून ग्रीसच्या ऐवजी विटकरीसारखी भुकटी गळाली. सुया काही अर्ध्या झालेल्या, काही नाहीशाच. खुंटीवर सुयांच्या जागी खाचांची रांग उमटली होती; नख ठेवण्याची गरजच नव्हती. म्हातारी बसली होती ती नेमकी याच्यावर.

तिघे एकाच गाडीत, एकाच मातीत आणि एकाच चालकाच्या हाताखाली. मग हा एकटाच का उपाशी मेला? उत्तर क्रॉसच्या बगलेत होते. प्रत्येक क्रॉसला ग्रीस भरण्याचे एक बारीक निपल असते. ते नळीच्या बाजूला तोंड करून बसवावयाचे, म्हणजे ग्रीसगनचे टोक तेथे पोचते. मधल्या क्रॉसचे निपल फ्लँजच्या बाजूस वळलेले होते. मागे केव्हातरी, कोठल्यातरी रस्त्याकडेच्या कारखान्यात, तो क्रॉस उलटा बसविला गेला होता. कोणी बसविला ते शोधण्यात अर्थ नव्हता. ग्रीस भरणारा पोरगा गनचे टोक पोचेल तेवढी निपले भरतो आणि पैसे घेऊन जातो. न पोचणारे निपल आहे, हे त्यालाही कळत नाही आणि वर उभ्या असलेल्या मालकालाही. चार बोटांच्या त्या जागेत गन शिरत नव्हती, एवढ्यावर शंभर अश्वशक्तीची गाडी आणि हौद्यातली मुले यांचा निकाल लागावयाचा होता.

नवे क्रॉस आणण्यासाठी पुतण्या हुमनाबादला गेला. महामार्गावरचे गाव असल्यामुळे तेथे सुटे भाग मिळतात. अर्थात अस्सलही मिळतात आणि नकलीही, आणि वेष्टन पाहून फरक कळत नाही. मामूंनी त्याला एकच गोष्ट शिकवून धाडले होते: वाटी खुंटीवर चढवून अंगठ्याने हलवून पाहा, आणि रबरी सील चारही ठिकाणी सारखे बसते की नाही ते बघ. पहिल्या दुकानातील माल त्याने परत केला, दुसऱ्यातील घेतला. मोडीची गोष्ट करणारा पुतण्या दुकानदाराशी अर्धा तास भांडून अस्सल क्रॉस घेऊन आला, याचा दादांना झालेला आनंद त्यांनी लपविला नाही.

बसविण्याच्या वेळी एक प्रसंग घडला. वाटीत सुया जाग्यावर राहाव्यात म्हणून त्या ग्रीसने चिकटविलेल्या असतात. तिसऱ्या सांध्याची शेवटची वाटी पुतण्या वाइसमध्ये दाबीत होता. वाटी आत गेली, पण कडीची खाच उघडी होईना. केवळ नखभर अंतर राहिले. त्याने पकड आणखी आवळावयास घेतली. मामूंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. "नक्को. काढ." वाटी काढली. एक सुई उभी राहण्याऐवजी तळाशी आडवी निजली होती. आणखी अर्धा फेरा आवळली असती तर वाटीचा तळ फुटला असता, किंवा त्याहून वाईट म्हणजे फुटला नसता आणि सुई तशीच आत राहून गाडी रस्त्यावर गेली असती. पुतण्याने सुई उचलून पुन्हा ग्रीसमध्ये बसविली, दुसऱ्या वेळी खाच पूर्ण दिसली आणि कडी 'टक्' करून बसली. हा आवाज मात्र आम्हां सर्वांस गोड वाटला.

नंतर योकच्या कानांवर पितळी पंचाने हलके ठोके देऊन वाट्या बाहेरच्या कडीला टेकविल्या, म्हणजे क्रॉस ताठर न राहता बोटाने फिरतो. तिन्ही निपले नळीकडे आणि एकाच ओळीत आणली; एकदा खाली शिरले की शाफ्ट न फिरविता तिन्ही भरता यावीत. शाफ्ट वर चढली, घावास घाव जुळला, फ्लँजला नवे नट लागले. मामूंनी गन लावली आणि चारही सीलांच्या कडांतून ग्रीस डोकावेपर्यंत दाबीत राहिले. चारातल्या एका कडेतून ते येईना, तेव्हा गाडी थोडी ढकलून शाफ्ट पाव फेरा फिरविली, मग आले. तीन बाजूंनी आले म्हणजे भरले, असे समजून उठणारे पुष्कळ असतात, असे ते म्हणाले.

रिकाम्या गाडीची फेरी भालकीच्या रस्त्याने झाली. पहिला गिअर, उलटा गिअर, कोठे काही नाही. दुसऱ्या दिवशी ऊस भरून गाडी कारखान्याला गेली. पाळी एका दिवसाने चुकली होती. ऊस थोडा वाळला होता, त्याचे नुकसान दादांनी आणि शेतकऱ्याने आपसांत वाटून घेतले. त्यावरून झालेली बोलाचाली येथे लिहिण्यासारखी नाही.

पाचशेक किलोमीटर झाल्यावर बोल्ट पुन्हा आवळण्यासाठी गाडी मामूंकडे आली. त्या दिवशी त्यांनी पुतण्याकडून पिवळा रंग मागविला आणि आम्हांला म्हणाले, "मास्तर, तुम्ही लिहा. निपल कुठल्या बाजूला ते." चासीच्या आतल्या अंगाला, निपलांच्या समोर, आम्ही निजल्या निजल्या 'ग्रीस येथे, तीन' असे मराठीत लिहिले. आमचा सध्याचा चालक चित्तापूरकडचा, मराठी वाचणारा नव्हे. म्हणून पुतण्याने त्याखाली तेच कन्नडात लिहिले. मामूंना या दोहोंपैकी एकही लिपी येत नाही. त्यांनी ब्रश हातात घेतला, खाली एक जाड बाण काढला, आणि बाणाच्या टोकाशी निपल आहे की नाही हे बोटाने चाचपून पाहिले.